पुरुषाचा आकडा

६ जानेवारी

जे गिऱ्हाईक हसत हसत दार उघडतं, त्याच्या मीटरमध्ये हमखास गडबड असते. वीज कंपनीत मीटर तपासनीस म्हणून माझी हयात गेली, तेव्हा हे मी कुणाकडून शिकलेलो नाही. आज डायलिसिसच्या हॉलमध्ये ती नवी डॉक्टरीण हसत हसत माझ्या खुर्चीपाशी आली, तेव्हाच मी सावध झालो.

"काका, नेहमीच्या रक्ताबरोबर एक नळी जास्तीची घेऊ का? एक अभ्यास चाललाय."

कसला, तर म्हणे किडनी निकामी झालेल्या पुरुषांमधल्या हॉर्मोनचा. फक्त पुरुषांच्या. मी विचारलं, "बायकांनी काय घोडं मारलंय?" ती पुन्हा हसली. म्हणाली, टेस्टोस्टेरॉन मोजायचंय, म्हणून. वर एक प्रश्नांचा कागद दिला. दम लागतो का, जिना चढवतो का, झोप लागते का, इथवर ठीक. शेवटचे प्रश्न थेट शेजघरातले. मी पेनाचं टोपण लावून टाकलं.

शेजारच्या खुर्चीवर मास्तर असतात. शाळेत चित्रकला शिकवायचे. ते अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असे म्हणाले, "अहो साहेब, लिहा की, दुकान बंद आहे, पण पाटी अजून काढलेली नाही." सगळे हसले. सिस्टरसुद्धा. मी हसलो नाही. रक्त मात्र दिलं, कारण नाही म्हणणाऱ्यावर हे लोक डूख धरतात.

१७ जानेवारी

आकडा मागून घेतला. डॉक्टरीण द्यायला कां-कूं करत होती. मी म्हटलं, रक्त माझं, तर आकडाही माझा. माझ्या वयाच्या माणसाचा असायला हवा त्याच्या निम्माही नाही.

"म्हणजे काय समजायचं?"

"काका, आकडा कमी असलेल्यांना त्रास जास्त होतो, ते लवकर जातात, असं दिसतं खरं. पण आकडा कमी म्हणून माणूस आजारी, की माणूस जास्त आजारी म्हणून आकडा कमी, हेच तर शोधायचंय. तुम्ही त्यावर विचार करत बसू नका."

डॉक्टर लोक असंच गुळमुळीत बोलतात. 'लवकर जातात' एवढं मी नीट ऐकलं. मास्तरांना त्यांचा आकडा विचारला तर म्हणाले, विचारलाच नाही. खोटं बोलतात. आपला आकडा कुणाला नको असतो?

घरी काही बोललो नाही. आमची ही बसस्थानकावर उद्घोषणा करते. कुठली बस कुठल्या फलाटावर लागली ते सगळ्या गावाला हिच्या आवाजात कळतं. लग्नाआधी मी तिला पाहिलं नव्हतं, पण ऐकलं होतं. रोज कामाला जाताना बस आधीच येऊन उभी असली, तरी हिचं वाक्य पुरं होईपर्यंत मी चढायचो नाही. अशा बाईला आता कुठल्या तोंडाने सांगू, की तुझा नवरा कागदोपत्री निम्मासुद्धा उरला नाही?

२९ जानेवारी

कोपऱ्यातल्या खुर्चीवरचा ट्रकड्रायव्हर गेला. सोमवारी तर मला हात करून गेला होता. मी सिस्टरला त्याचा आकडा विचारला. "असं सांगता येत नाही, काका," म्हणाली आणि नजर चुकवली. मला उत्तर मिळालं.

मी मास्तरांना म्हटलं, "त्याचा आकडा कमी असणार." मास्तर म्हणाले, "त्याचं हृदय आधीच थकलं होतं, साहेब. माणूस मेला, आणि तुम्ही त्याचं मीटर वाचताय."

मास्तरांना काय जातंय बोलायला.

२ फेब्रुवारी

व्यायामशाळेच्या मालकाकडे गेलो. जुनी ओळख. त्याच्या मीटरवर माझी बरीच वर्षं नजर होती, त्यामुळे मला तो अजूनही चहा विचारल्याशिवाय सोडत नाही. आडून आडून विषय काढला, पण त्याला कळायला वेळ लागला नाही. आतून एक ट्यूब आणली. परदेशी माल. टेस्टोस्टेरॉनचं जेल.

"सुई नको ना तुम्हाला? मग हे खांद्याला चोळायचं, साहेब. वाळू द्यायचं. आणि एक लक्षात ठेवा, लावलं की घरात..."

"हळू बोल की," मी म्हटलं. दारात दोन पोरं उभी होती. ट्यूब खिशात टाकली आणि बाहेर पडलो.

सुई नकोच होती. डायलिसिसला सिस्टर हात उलटसुलट करून बघते, नवं भोक दिसलं तर दहा प्रश्न विचारेल. जेलचं कुणाला काय कळणार? खोक्यात बारीक अक्षरांचा लांबलचक कागद होता. तो तिथेच फाडून गटारात सोडला. पुरावा घरात नेऊ नये.

४ फेब्रुवारी

अडचण अशी होती की जेलला औषधी वास येतो, आणि हिचं नाक फार तिखट. पण मीही मुरलेला. किडनी गेल्यापासून माझ्या अंगाला अशी खाज सुटते की कातडं काढून खुंटीला टांगावंसं वाटतं. त्यासाठी ही रोज संध्याकाळी कामावरून आली की माझ्या पाठीला, खांद्यांना क्रीम चोळते. नुसत्या हातांनी, चांगलं जिरेपर्यंत. तर मी काय करतो, ती कुलूप उघडतेय असा आवाज आला की न्हाणीघरात जाऊन खांद्यांना जेल लावतो आणि उघडाच येऊन बसतो. वरून क्रीम लागलं की जेलचा वास त्यात बुडून जातो.

व्यायामशाळेवाला बोटभर लावा म्हणाला होता. मी तीन बोटं लावतो. माझी घट मोठी आहे.

९ मार्च

फरक आहे. काल जिना न थांबता चढलो. सकाळी उठल्यावर अंग आपलं वाटतं. मास्तर म्हणाले, "साहेब, तुमच्या तोंडावर लाली आलीय." मी म्हटलं, सकाळी चालतो. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. चित्रकलेच्या मास्तराची नजर चांगली नाही.

हिचं मात्र काहीतरी बिघडलंय. पूर्वी ही बाई रागवायची म्हणजे कपाळाला आठी घालायची. परवा दूध उतू गेलं तर पातेलं दाणकन आपटलं. काल लोणच्याची बरणी उघडत नव्हती म्हणून मी सांडशी शोधायला गेलो, तोवर हिने एका हिसक्यात झाकण उघडलं. मी नोंद घेतली.

२४ मार्च

आज दुसऱ्यांदा तपासणीचं रक्त घेतलं. डॉक्टरीण सगळ्यांना म्हणाली, "यावेळी बघू कुणात काय बदल आहे." हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे झाकून बसलो होतो, तरी चादर आणखी वर ओढली.

घरी आलो तर ही आरशासमोर. हनुवटीवर मुरमं आलीत आणि त्यावर काहीतरी चोपडत होती. या वयात मुरमं, आणि या वयात आरसा! मी विचारलं, "कुणासाठी एवढं?" तर दार लावून घेतलं.

२ एप्रिल

माझा आकडा दुप्पट झाला. हिमोग्लोबिनसुद्धा चढलंय. डॉक्टरीण कागद हातात धरून माझ्या खुर्चीसमोर उभीच राहिली.

"काका, काही वेगळं घेताय का? कुणी काही दिलंय का?"

"छे."

"गोळी, पावडर, काढा?"

"मनाची उभारी," मी म्हटलं. मास्तर खोकले.

खोटं बोललो हे खरं. पण आकडा वाढवायचा नाही, तर मोजायचा कशाला? मीटर जास्त वेगाने पळवलं म्हणून वीज चोरली असं कुणी म्हणत नाही.

१३ एप्रिल

रविवार. हे लिहू की नको असं झालंय, पण खरं तेच लिहायचं असं ठरवलंय. दुपारी ही आपणहून जवळ आली. गेल्या कित्येक वर्षांत असं झालेलं नाही. मीच गडबडलो. आकडा दुप्पट झाला तरी दुकान काही उघडलं नाही. ती म्हणाली, "राहू द्या," आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

नंतर विचार केला. बायको अचानक एवढी गोड का होते? चोरीच्या घरात चहा सगळ्यात चांगला मिळतो.

५ मे

हिने बोलणं टाकलंय. घसा बसलाय म्हणते, म्हणजे म्हणतही नाही, कुजबुजते. डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती सांगितलीय म्हणे. कुठल्या डॉक्टरांनी? खूण करून विषय संपवला.

मुलीचा फोन आला होता. ती नोकरीसाठी दूर असते. "बाबा, आई फोन का घेत नाही? नुसते मेसेज पाठवते. तुमचं भांडण झालंय का?" मी म्हटलं, तुझ्या आईलाच विचार. दोघींचं काही शिजत असेल आणि हा प्रश्न म्हणजे माझा अंदाज घेणं असेल, तर मी कच्च्या गुरूचा चेला नाही.

१६ मे

मास्तर सहज बोलून गेले, "स्थानकावर वहिनींचा आवाज हल्ली ऐकू येत नाही. यंत्र लावलंय वाटतं. अगदीच बेचव."

मी डायलिसिसहून येताना वाट वाकडी करून स्थानकावर गेलो. खरंच. यंत्रातली कुठलीतरी पोरगी बोलत होती. चौकशीच्या खिडकीत विचारलं. बाई म्हणाली, "त्यांनी मोठी रजा टाकलीय ना? तुम्हाला माहीत नाही?" आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

ही तर रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडते. संध्याकाळी वेळेवर परत येते, क्रीमही चोळते. अधलामधला वेळ कुठे असते? चेहऱ्याला ओढणी गुंडाळूनच बाहेर जाते. धुळीचा त्रास होतो म्हणे. ज्याला धुळीचा त्रास असतो, तो घरात शिंकतो. ही शिंकत नाही.

४ जून

आज मी सापळा लावला. डायलिसिस सुरू असताना सिस्टरच्या टेबलावरचा फोन मागितला आणि घरच्या फोनवर लावला. अनोळखी नंबर, म्हणजे माझ्यावर संशय नाही.

फोन एका पुरुषाने उचलला.

"हॅलो?" घोगरा, जाडा आवाज. मी गप्प. "कोण हवंय?" मी फोन ठेवला. हात असा थरथरला की मशीन वाजायला लागलं. सिस्टर धावत आली, "काका, हात हलवू नका!" मास्तरांनी विचारलं, काय झालं. काय सांगू? मी इथे दोन सुया टोचून खुर्चीला बांधलेला असतो, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. याहून सोयीचा नवरा कुठे मिळेल?

रडू आलं. हेही लिहितो.

८ जून

आता शंका उरली नाही. न्हाणीघरात साबणाच्या डब्यामागे दाढीचं ब्लेड सापडलं. नवंकोरं नाही, वापरलेलं. कडेला राखाडी, राठ खुंट चिकटलेले. माझ्या घरात ब्लेड नसतं. डायलिसिसला रक्त पातळ करायचं औषध देतात, साधं खरचटलं तरी रक्त थांबत नाही, म्हणून मी मशीननेच दाढी करतो.

म्हणजे तो माझ्या घरात दाढीसुद्धा करतो. वयाने माझ्याएवढा असावा. आवाजावरून धट्टाकट्टा. त्याचा आकडा किती असेल, हाच विचार दिवसभर डोक्यात होता. ब्लेड होतं तिथेच ठेवलं. चोराला सावध करायचं नसतं.

हिने संध्याकाळी नेहमीसारखी पाठ चोळली. तिचे हात पूर्वीपेक्षा जोरकस झालेत. मला वाटलं, वळून विचारावं, का गं? मी काय कमी केलं? पण उत्तर माहीत होतं. ते डॉक्टरणीच्या कागदावर छापलेलं आहे. मी आणखी एक बोट जेल वाढवलं.

१३ जून

शुक्रवार. सगळं सविस्तर लिहितो.

डायलिसिस अर्ध्यावर आलं असताना मी पोटात कळ आल्याचं सोंग केलं. सिस्टर म्हणाली, "आज अर्धवट सोडलंत तर सोमवारपर्यंत पाणी अंगातच राहील. दम लागेल." मी म्हटलं, लागू दे. घरापर्यंत रिक्षा केली. जिना चढताना खरंच दम लागला.

दाराबाहेर उभा राहिलो. आत तो बोलत होता! तोच आवाज. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक..." मग थांबला, खाकरला, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे स्थानकावरचाच कुणीतरी! हिच्याच कामातला! मी कुलपात किल्ली फिरवली आणि दार ढकललं.

ही आरशासमोर उभी होती. अर्ध्या हनुवटीला फेस, हातात ब्लेड.

मी तिला ओलांडून न्हाणीघरात गेलो. दारामागे पाहिलं. गॅलरी पाहिली, कपाट उघडलं, पलंगाखाली वाकलो. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून पलंगाची कड धरून बसून राहिलो.

"कुणाला शोधताय?" त्या माणसाने विचारलं.

मी वर पाहिलं. खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं. ओठ तिचेच हलले होते.

नंतर तिने सगळं सांगितलं. कुजबुजणं सोडून, त्या आवाजात. आवाज मार्चपासूनच फाटायला लागला. ध्वनिक्षेपकावर चिरकला, तेव्हा प्रवासी हसले. फोनवर लोक 'सर' म्हणायला लागले. हनुवटीवर केस आले. रोज डबा घेऊन ती दवाखान्यात जात होती. तपासण्या, रांगा, उरलेला वेळ वाचनालयात, आणि माझ्या डायलिसिसच्या दिवशी मी बाहेर पडलो की परत घरी. रक्तात पुरुषाचं हॉर्मोन बेसुमार वाढलंय. डॉक्टरांना वाटतं पोटात गाठ असावी, बहुधा बीजाशयात. कॅन्सरचीही असू शकते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमचं आधीच काय कमी आहे? आणि..." ती फेस पुसत म्हणाली, "बायको पुरुषासारखी दिसायला लागलीय, हे नवऱ्याला काय सांगायचं?"

मी तिला जवळ घेतलं. खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं, की माणूस नव्हता. मग भीती वाटली. हिला काही झालं तर माझं कोण? आता तर मला टिकलंच पाहिजे. संध्याकाळी नेहमीप्रमाणे जेल लावलं आणि ती नको नको म्हणत असताना तिच्याकडून क्रीम चोळून घेतलं, म्हणजे तिला वाटावं की सगळं पूर्वीसारखंच आहे.

१७ जून

आज तिच्याबरोबर तिच्या डॉक्टरांकडे गेलो. शांत गृहस्थ. म्हणाले, स्कॅनमध्ये गाठ दिसत नाही, पण कधीकधी ती एवढी बारीक असते की दिसत नाही. त्यामुळे दोन्ही बीजाशयं काढून टाकणं बरं. सव्वीस तारीख ठरली. मग कागद मिटता मिटता त्यांनी विचारलं,

"हे मी यांना आधीही विचारलंय, आता दोघं आहात म्हणून पुन्हा विचारतो. घरात कुणी पुरुषी हॉर्मोनचं जेल, मलम वगैरे लावतं का? ते कातडीवरून दुसऱ्याला लागतं. लावलेल्या जागेला रोज हात लागला, तरी पुरे."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो.

ही म्हणाली, "डॉक्टर, यांना तुम्ही ओळखत नाही. डोकं दुखलं तरी डायलिसिसच्या डॉक्टरांना फोन करून विचारल्याशिवाय गोळी घेत नाहीत. आयुष्यभर लोकांच्या लबाड्या पकडल्या यांनी. हे असलं काही करायचे नाहीत."

 थोड्या वेळाने मीच विचारलं, आवाज शक्य तितका सहज ठेवून, "समजा एखाद्या घरात तसं असलं, तर?"

"तर ते थांबवायचं. आकडा आपोआप उतरतो. ऑपरेशन लागत नाही. केस हळूहळू कमी होतात, मुरमं जातात." डॉक्टर हिच्याकडे वळले. "आवाज मात्र एकदा जाडावला की परत बारीक होत नाही."

बाहेर पडल्यावर ही म्हणाली, "तुमचा हात एवढा गार का पडलाय?"

१८ जून

ट्यूबा फेकल्या. तीन होत्या. न्हाणीघर धुतलं, टॉवेल धुतले, खांदे साबणाने इतके घासले की सोलवटले. हिने विचारलं तर म्हटलं, क्रीमची ॲलर्जी आलीय, आता लावू नकोस. "अगं बाई," म्हणाली आणि थंड पाण्याची पट्टी घेऊन आली.

हॉलमध्ये मास्तरांना म्हटलं, "खरं सांगा, तुमचा आकडा किती?" ते म्हणाले, "डॉक्टरीण परवा म्हणाली, अख्ख्या हॉलमध्ये सर्वांत खाली माझा. म्हटलं, चला, कशात तरी पहिला आलो. ती म्हणाली, जेवा, चाला, डायलिसिस चुकवू नका. तेच तर करतोय." मास्तर आहेत तसे आहेत. हसतात, शेजारपाजारच्या पोरांची चित्रं तपासतात. मी डोळे मिटून घेतले.

२१ जून

माझा हिशेब असा आहे. जेल थांबलंय. आकडा उतरेल. ऑपरेशन पुढे ढकललं, मग पुन्हा रक्त तपासलं, तर सगळं आपोआप मिटेल आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. मी हिला म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ. महिनाभर थांबू.

"महिनाभर?" ती म्हणाली. "मला रोज वाटतं आत काहीतरी वाढतंय. मी एक दिवससुद्धा थांबणार नाही. तुम्ही घाबरलात माझ्यासाठी, कळतंय मला." आणि माझ्या पाठीवर हात फिरवला.

मी भल्याभल्यांना पकडलं. कबूल करायला काय वेळ लागतो, असं त्यांच्या तोंडावर म्हणायचो. लागतो.

२५ जून

डायलिसिस. मास्तरांनी विचारलं, "वहिनींचं उद्या ना? काळजी करू नका, होईल सगळं ठीक." मी म्हटलं, हो.

आजही सांगितलं नाही.

२६ जून

सकाळी तिला भरती केलं. हिरवा झगा घालून ती पलंगावर बसली होती. सिस्टर माझ्या सहीसाठी कागद घेऊन आली. ही म्हणाली, "करा सही, म्हणजे सुटू एकदाचे." मी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. सिस्टरला म्हटलं, पाच मिनिटं बाहेर थांबा.

मग सांगितलं. व्यायामशाळा, जेल, तीन बोटं, क्रीमखाली दडवलेला वास, डॉक्टरांसमोर गिळलेलं उत्तर, आणि तो माणूससुद्धा, जो मी पलंगाखाली शोधत होतो. सगळं एका दमात. तिच्याकडे न बघता.

 मग तिने विचारलं, "म्हणजे गाठ नाही?"

"नाही. नसणार."

तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि ती रडली. आधी मला वाटलं, माझ्यामुळे. पण ते सुटकेचं रडणं होतं. मरणार नाही म्हणून रडत होती. रडून झाल्यावर मात्र तिने आपल्या तळहातांकडे पाहिलं. उलटे केले, सुलटे केले. मग उठून कोपऱ्यातल्या बेसिनला गेली आणि हात धुवायला लागली. साबण लावला, धुतले, पुन्हा साबण लावला.

"मी त्यांना सांगितलं होतं, हे असलं काही करायचे नाहीत," ती माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली. "तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात."

डॉक्टर आले. त्यांनाही सांगितलं. ते मला एक शब्द बोलले नाहीत, तिच्याशीच बोलले. ऑपरेशन रद्द. महिन्याने पुन्हा तपासणी. मी त्यांना म्हटलं, मला बोला काहीतरी. ते म्हणाले, "तुमच्या डायलिसिसच्या डॉक्टरांना आज कळवा. त्यांचा अभ्यासही तुम्ही नासवलाय, आणि घट्ट रक्ताने तुमची डायलिसिसची शीर कधी बंद पडेल याचा नेम नाही."

दुपारी घरी आलो. तिने चप्पल काढली, फोन उचलला आणि मुलीला लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मेसेज नाही, फोन. पलीकडचं मला ऐकू येत होतं.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मी आहे गं."

"कोण आपण? बाबा कुठे आहेत? बाबांना काही झालंय का?"

"अगं, आई बोलतेय. आई."

 मग मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "हा फोन आईचा आहे. तुम्ही कोण आहात?"

हिने फोन कानापासून काढला आणि माझ्यापुढे धरला. "सांगा तिला," म्हणाली.

मी घेतला. सुरुवातीपासून सांगितलं, हिच्यासमोर उभं राहून, काही न वगळता.  शेवटी मुलगी म्हणाली, "आईला द्या." हिने फोन घेतला, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली.

मी बाहेर खुर्चीवर बसलो. दाराआडून तो जाडा, घोगरा आवाज संध्याकाळपर्यंत येत होता. मधे एकदा हसला, मधे बराच वेळ थांबला, मग हळूहळू बोलत राहिला. डॉक्टर म्हणाले आहेत, बाकीचं सगळं जाईल, आवाज मात्र आता हाच राहील.